पहाटेचा शीळवाला

मार्च लागला की पहाटे, दूधवाला यायच्याही आधी, कुठूनतरी एक लांब स्वच्छ शीळ येते. मग तीच शीळ जरासं वळण घेऊन येते. मग सूर भराभर चढतात, एक गिरकी घेतात, खाली उतरतात आणि थांबतात. क्षणभर शांतता, की लगेच नवी तान. ‘इतक्या पहाटे शीळ कोण घालतंय?’ हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: दयाळ.

आवाजाच्या रोखाने वर बघा. गाताना दयाळाला उंच जागा लागते. नारळाचा शेंडा, गच्चीवरची पाण्याची टाकी, डिश अँटेना, विजेचा खांब, काहीही चालतं. बुलबुलाच्या चणीचा पक्षी, वरून निळसर झाक असलेला काळा कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटी ताठ उभी. मादीचा नकाशा तोच, फक्त काळ्याच्या जागी राखी. कोकणातलं परस असो, पुण्यातल्या जुन्या बंगल्याची बाग असो, नाहीतर मुंबईतल्या सोसायटीच्या कंपाउंडमधली चार झाडं असोत, दयाळ आपल्या आसपास असतोच. इतक्या जवळच्या शेजाऱ्याचं बोलणं आपल्याला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि ते कळतं. थोडा कान तयार करावा लागतो, एवढंच.

गाणं निराळं, हाक निराळी

पक्ष्यांच्या आवाजाचे ढोबळ दोन भाग पडतात. गाणं लांब, वळणदार आणि हंगामी असतं. ‘ही हद्द माझी आहे’ हे दुसऱ्या नराला आणि ‘मी इथे आहे’ हे मादीला, असे दोन निरोप ते एकाच वेळी देतं. हाक मात्र छोटी, कामापुरती आणि बारमाही. मांजर आलं, पिल्लाला भूक लागली, शेजारी हद्दीत घुसला, रात्रीच्या झाडावर जायची वेळ झाली, या सगळ्यांसाठी हाका असतात. बागेत सर्वात जास्त ऐकू येतात त्या हाकाच, पण आपलं लक्ष असतं गाण्याकडे. म्हणूनच पावसाळा सरल्यावर ‘दयाळ गेला वाटतं’ असं लोक म्हणतात. तो कुठेही गेलेला नसतो. विणीचा हंगाम आपल्याकडे साधारण मार्च ते जुलै. तो संपला की दयाळ गप्प होतो, लाजाळू होतो आणि झुडपांच्या बुडाशी किडे टिपत वावरतो. थंडीतही कान लावलात तर एक बारीक, केविलवाणं ‘स्वीऽऽ’ किंवा घसा खरवडल्यासारखं ‘चर्रर्र’ ऐकू येईल. तोच तो.

दयाळाच्या हाकांचा नीट अभ्यास आपल्याच देशात झालाय. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठातल्या अनिल कुमार आणि दिनेश भट्ट यांनी दयाळांचे आवाज रेकॉर्ड केले, त्यांचे आलेख काढले आणि कोणता आवाज कोणत्या प्रसंगी निघतो याची मांडणी केली. २००१ साली ‘करंट सायन्स’मध्ये ती छापून आली. हद्दीची हाक, सकाळी बाहेर पडतानाची आणि संध्याकाळी मुक्कामाला जातानाची हाक, धमकीची हाक, हार मानल्याची हाक, पिल्लांची भूकहाक आणि संकटाची हाक, अशी ती यादी आहे. यातली हार मानल्याची हाक मला फार महत्त्वाची वाटते. भांडण मारामारीपर्यंत जाऊ नये यासाठी या पक्ष्याकडे एक खास आवाज आहे!

मांजर आलं की कळतंच

आमच्या शेजारच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत, निखळलेल्या विटेच्या पोकळीत दयाळाचं घरटं होतं. एका दुपारी नर समोरच्या कढीपत्त्यावर बसून ‘क्रश्श, क्रश्श’ करायला लागला. गाण्याशी काडीचंही नातं नसलेला, फसफसल्यासारखा आवाज. प्रत्येक ‘क्रश्श’बरोबर शेपटी झपकन वर. मादीही येऊन ओरडू लागली. मग दोन बुलबुल आले, एक शिंपी पक्षी आला, खारीने आपली ‘चिक चिक’ सुरू केली. खाली तगरीच्या झुडपात मांजर दबा धरून बसलं होतं. एवढा गलका झाल्यावर ते उठलं आणि अंग ताणून निघून गेलं. मांजराची शिकार अचानकपणावर अवलंबून असते, आणि तो अचानकपणाच दयाळाने काढून घेतला होता.

हा आवाज असा खरखरीत का, याचं उत्तर पीटर मार्लर या शास्त्रज्ञाने १९५५ साली ‘नेचर’ नियतकालिकातल्या लेखात दिलं. खरखरीत, तुटक आवाजात खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एकदम असतात, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानाला चटकन कळतं. मदतीला बोलवायचं असेल तर असाच आवाज हवा. याउलट आकाशात शिकारी पक्षी दिसला की कित्येक लहान पक्षी एक बारीक, उंच पट्टीतली, हळूच सुरू होऊन हळूच विरणारी ‘सीऽऽ’ काढतात. ती ऐकू येते, पण कुठून आली ते कळत नाही. भाईबंद सावध होतात आणि शिक्र्याला ओरडणारा सापडत नाही. ध्वनिशास्त्र न शिकता केलेली ही योजना पाहिली की मी थक्क होतो.

पुढच्या वेळी बागेत एकदम कलकलाट झाला, तर पक्षी जिकडे तोंड करून ओरडताहेत तिकडे बघा. मांजर, भारद्वाज, दिवसा उघडा पडलेला पिंगळा किंवा साप, यांपैकी कोणीतरी सापडण्याची शक्यता दांडगी असते.

एका गळ्यात दोन वाद्यं

आपला आवाज घशाच्या वरच्या भागातून निघतो. पक्ष्यांचा निघतो छातीतून, जिथे श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथून. या यंत्राला सिरिंक्स म्हणतात. दोन फाटे, म्हणून दोन बाजू, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. काही पक्षी एकाच वेळी दोन सूर लावतात, तर काही खालचे सूर एका बाजूने काढून वरचे दुसऱ्या बाजूने काढतात, आणि सांधा कुठे बदलला ते आपल्याला कळतही नाही. श्वासाचं काय? कॅनरी पक्षी लांब तान घेताना दोन सुरांच्या मधल्या फटीत इवलासा श्वास आत घेतात, इतका झटपट की गाणं सलग वाटतं.

हे यंत्र किती जुनं? अंटार्क्टिकाजवळच्या वेगा बेटावर सापडलेल्या ‘वेगाव्हिस’ नावाच्या बदकासारख्या पक्ष्याच्या जीवाश्मात सिरिंक्स टिकून राहिल्याचं २०१६ साली जाहीर झालं. तो जीवाश्म साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे. म्हणजे डायनोसॉर हिंडत होते तेव्हा हे वाद्य तयार झालेलं होतं.

कोकीळ शिकत नाही, दयाळ शिकतो

कोकिळेची पिल्लं कावळ्याच्या घरट्यात वाढतात. दिवसभर कानावर ‘काव काव’, आणि मोठा होऊन नर म्हणतो ‘कुहू’! कारण कोकिळाच्या कुळात आवाज जन्मजात येतो, शिकावा लागत नाही.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात तसं नाही. दयाळ याच गटातला. (वर्गीकरणाने कावळाही याच गटात येतो.) इथे पिल्लाला गाणं ऐकावं लागतं, लक्षात ठेवावं लागतं आणि मग रियाज करावा लागतो. केंब्रिजचे विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या युरोपीय पक्ष्याची पिल्लं एकटी वाढवली. ती मोठी होऊन गायली खरी, पण गाणं ओबडधोबड, त्यात जातीचं वळण नव्हतं. कोवळा नर सुरुवातीला पुटपुटतो. हळू, अडखळत, कुठलाही सूर कुठेही. पावसाळ्याच्या शेवटी झुडपातून अशी अस्पष्ट कुजबुज ऐकू आली तर ती हलक्यात घेऊ नका, तो बहुधा कोणाचा तरी पहिला रियाज असतो.

रियाज झोपेतही चालतो. शिकागो विद्यापीठातल्या अमीश दवे आणि डॅनियल मार्गोलियाश यांना २००० साली असं दिसलं की झोपलेल्या झेब्रा फिंच पक्ष्याच्या मेंदूतल्या पेशी, तो दिवसा गाताना जशा स्पंदतात तशाच नमुन्याने स्पंदतात. चोच मिटलेली आणि आत गाणं सुरू!

शिकणाऱ्या गळ्याचा आणखी एक फायदा म्हणजे दुसऱ्याचे सूर उचलता येतात. दयाळ इतर पक्ष्यांचे आवाज आपल्या गाण्यात बेमालूम गुंफतो. एका तानेत मध्येच ओळखीचा, पण भलत्याच पक्ष्याचा तुकडा ऐकू आला की समजा, उस्तादांनी शेजाऱ्याची चीज घेतली.

मादी गाते का?

गाते. शंभर वर्षं पुस्तकांत ‘नर गातो, मादी ऐकते’ असं लिहिलं गेलं, कारण पुस्तकं लिहिणारे बहुतेक जण युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशांतले, आणि तिथल्या बऱ्याच जातींत नरच गातात. उष्ण कटिबंधात कान लावल्यावर चित्र बदललं. २०१४ साली कारन ओडम आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती गोळा केली, तेव्हा पाहणीतल्या ७१ टक्के जातींत मादी गाते असं निघालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या सगळ्यांच्या आदिम पूर्वजांतही मादी गात असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे गाणारी मादी हा अपवाद नव्हेच. पुढे काही जातींत तिने गाणं सोडलं, असं म्हणायला हवं.

दयाळाची मादी थोडकं गाते, बरेचदा नर जवळ असताना. तान आखूड, वळणं कमी. कुमार आणि भट्ट यांनी तिच्या गाण्यावरही स्वतंत्र लिहिलंय. तेव्हा खांबावर राखी रंगाचा दयाळ गाताना दिसला तर ‘उजेडात रंग नीट दिसला नसेल’ म्हणून सोडून देऊ नका.

जगातलं पहिलं पक्षिगीत, आणि त्यातला आपला पाहुणा

१८८९ साल, जर्मनी. लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे एडिसनचं ध्वनिमुद्रण यंत्र आणि मेणाच्या नळकांड्या आल्या. त्याने घरातल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा आवाज मुद्रित केला. पक्ष्याच्या आवाजाचं हे ज्ञात असलेलं सर्वात जुनं मुद्रण, आणि तो पक्षी होता शामा! दयाळाचा सख्खा नातलग, एकाच प्रजातीगटातला. आपल्याकडे कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या दाट जंगलांत राहणारा, तांबूस पोटाचा, लांब शेपटीचा गवय्या. कोख पुढे नाझी राजवटीत देश सोडून इंग्लंडला गेले आणि बीबीसीच्या रेडिओवरून त्यांनी पक्ष्यांचे आवाज घराघरांत पोचवले. ते पहिलं मुद्रण अजून जपून ठेवलेलं आहे.

शामा आणि दयाळ या दोघांचाही गळा त्यांच्या जिवावर उठलाय, हे मात्र सांगायलाच हवं. इंडोनेशियात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात, बक्षिसं मोठी असतात, आणि शामा नि दयाळ या दोघांना तिथे प्रचंड मागणी आहे. एकट्या जावा बेटावरच्या घरांत ६ कोटी ६० लाख ते ८ कोटी ४० लाख पिंजऱ्यातले पक्षी असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून पुढे आला. जंगलं गप्प होत चालली आहेत. सिंगापूरमध्ये शंभर वर्षांपूर्वी सर्रास दिसणारा दयाळ १९७० च्या दशकापर्यंत रोडावला होता. आपल्याकडेही गाण्यासाठी आणि झुंजीसाठी दयाळ पाळायची जुनी चाल होती. आज रानपक्षी पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा.

मान कसा द्यावा हे बांगलादेशाकडून शिकावं. तिथे ‘दोयेल’ राष्ट्रीय पक्षी आहे, दोन टाक्यांच्या जुन्या नोटेवर तो होता, आणि ढाका विद्यापीठाच्या परिसरात कर्झन हॉलजवळच्या चौकाला त्याचं शिल्प आणि त्याचंच नाव आहे: दोयेल चत्वर.

पहाटच का?

एकच एक उत्तर नाही, कारणं बरीच आहेत. अंधुक उजेडात किडा दिसत नाही, मग तो वेळ गाण्यात घालवलेला बरा. रहदारी आणि वारा कमी असल्याने आवाज स्वच्छ पोचतो. आणि रात्र धडपणे पार पडली, जागा अजून भरलेली आहे, हेही शेजाऱ्यांना कळवायचं असतं. कारण एखादा नर गप्प राहिला, तर त्याच्या जागेवर दुसरा हक्क सांगू शकतो.

शहरात या वेळापत्रकाची ओढाताण होते. इंग्लंडच्या शेफील्ड शहरात २००७ साली असं आढळलं की जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथे रॉबिन पक्षी रात्री गातात. हा रॉबिन दयाळाच्याच कुळातला. त्याआधी २००३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये दिसलं की गजबजलेल्या भागातले ग्रेट टिट हे वल्गुलीसारखे छोटे पक्षी गाण्याची पट्टी वर चढवतात, म्हणजे गाड्यांच्या खालच्या घरघरीत गाणं बुडत नाही. आणि २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरून गाड्या नाहीशा झाल्या, तेव्हा तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्यांनी लगेच आवाज खाली आणला. हळू गायल्या, तरी त्यांचं गाणं लांबवर पोचलं आणि सूरही खालच्या पट्टीपर्यंत मोकळे फिरले.

दयाळच कशावरून?

शीळ ऐकली की लगेच शिक्का मारू नका, थोडा वेळ ऐका. तीच ती छोटी, उतरत येणारी सुरावट पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो पंखा पसरून नाचणारा नाचण असेल. ‘टुविट टुविट टुविट’ असा एकसुरी दणका असेल, तर अंगठ्याएवढा शिंपी. टाकीच्या कठड्यावर काळा-पांढरा पक्षी दयाळासारखा गातोय, पण शेपटी सारखी खाली-वर हलतेय, तर तो धोबी, आणि आसपास पाणी असणार. घाटात, पावसाळी ओढ्याकाठी, माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा आवाज आला तर तो शीळकरी कस्तूर. दर खेपेला तान बदलत असेल, मध्ये छोटा विसावा असेल आणि गाणारा सर्वात उंच टोकावर असेल, तर दयाळ.

नर फार तापट असतो. विणीच्या दिवसांत तो काचेतल्या, मोटारीच्या आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेवरही तुटून पडतो. आरशातला हा दुसरा नर काही केल्या पळत नाही, त्यामुळे बिचारा दमून जातो. त्या दिवसांत आरशावर कापडी पिशवी चढवली की प्रश्न मिटतो. याच कारणासाठी मोबाइलवर दयाळाचं गाणं लावून त्याला जवळ बोलवू नये. आपल्याला फोटो मिळतो, पण तो घरट्याकडे लक्ष देण्याऐवजी नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो, आणि अंडी उबवणारी मादी एकटी पडते.

घरटं ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, तुटक्या पाइपच्या तोंडात किंवा टांगलेल्या लाकडी खोक्यातही होतं. गिलावा करताना भिंतीतली भोकं बुजवणार असाल, तर ते काम पावसाळ्यानंतर काढा.

नावं ओळखायला फोनची मदत घ्यायला हरकत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, आणि त्यात आपल्याकडचे पुष्कळ पक्षी आहेत. त्याच्या आधी स्वतः अंदाज करा, मग ॲप बघा, म्हणजे कान तयार होतो. रेकॉर्डिंग चांगलं आलं तर ‘ई-बर्ड’ किंवा ‘झेनो-कांटो’वर चढवता येतं. फोन स्थिर धरायचा, मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटी तारीख, वेळ, जागा नि पक्षी काय करत होता ते हळू आवाजात सांगून ठेवायचं. गाणारा नर होता की मादी हे आवर्जून लिहा. २०१८ साली कारन ओडम आणि लॉरिन बेनेडिक्ट यांनी जगभरच्या पक्षीमित्रांना माद्यांची गाणी नोंदवायचं जाहीर आवाहन केलं, कारण अशी मुद्रणं फार थोडी आहेत. राखी दयाळ गाताना दिसला, तर तेवढ्यासाठी चहा थांबला तरी चालेल. आधी रेकॉर्डिंगचं बटण दाबा.